दाजीच्या कॅमेऱ्यातला कण

“हे कुणाला पटणार नाही, आणि पटवून घेऊही नका,” दाजी म्हणाला, “पण धुळीच्या एका कणानं माणसाचं अख्खं तोंड खाल्लेलं मी ह्या डोळ्यांनी बघितलेलं आहे.” दिवाळीपासून हे वाक्य त्यानं इतक्या जणांना ऐकवलं होतं की आता ते जिभेवरून आपोआप घसरायचं, तेल लावल्यासारखं. आज ते मध्येच अडकलं, घशात काटा अडकावा तसं. ‘तोंड’ म्हणता म्हणता त्याची नजर पायरीच्या खालच्या कोपऱ्याकडे गेली होती आणि तिथं शेवंती बसत होती. आधी तिनं डोक्यावरची रिकामी टोपली उतरवली, मग चुंबळ मांडीवर घेतली, मग गुडघ्यांवर हात दाबून ती खाली टेकली. नारळी पौर्णिमेला तिचा नवरा धाकू मेला, तेव्हापासून ती ह्या पायरीला शिवली नव्हती. डोंबिवली पश्चिमेला, स्टेशनकडून खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दाजीचा फोटो स्टुडिओ. मासळी विकून कोळीवाड्यात परतताना तिला तो ओलांडावाच लागायचा. पाऊस सरला, थंडी आली, तरी ती रोज समोरच्या बाजूनं, मान गटाराकडे करून जात होती.

“बसू का, दाजीभाऊ?”

“बसलीस, आन् आता इचारतंस व्हय?” दाजी हसला. हसू दातांपाशीच थांबलं.

“सगल्या डोंबिवलीला सांगलंत. मना नाय सांगलं. उंद्या कल्यानला जायाचंय, कोरटात. तुजा कोनावर संशेव हाय का, इचारतील. काय सांगू, त्ये मना कलायला नको?”

वरच्या मजल्यावरचे अण्णा आपली घडीची खुर्ची घेऊन रोजच्या जागी बसले होते. ते चष्मा पुसत म्हणाले, “सांगा, दाजी. बाईंना नीट, सावकाश सांगा. कॅमेरा आमच्या चिरंजीवांचा, तेव्हा मीही थोडा जबाबदार. उगाच तिखटमीठ मात्र नको.”

“तिखटमीठ काढलं तर दाजीच्या ताटात उरतं काय, अण्णा?” शेजारच्या टपरीतून चांगदेव इस्त्रीवाल्यानं विचारलं. “पाट!”

नेहमी ह्या हशावर दाजी स्वार व्हायचा. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसच्या गरम पाण्यात मासे शिजूनच जन्माला यायचे आणि कोळणी ते थेट पानात वाढायच्या, ही त्याची गोष्ट ऐकून विठ्ठलवाडीची एक वरात नवऱ्यासकट तासभर पायरीवर थांबलेली होती. थाप मारायची तर मोठी मारावी, लहान थापेला लोक पुरावा मागतात, असं तो म्हणायचा. पण आजवरच्या कुठल्याच थापेला ऐकणाऱ्याकडून काही नको होतं, आणि ह्या गोष्टीला हवं होतं. नाथा दाजीचा मुलगा. धाकूच्या डोक्यात वल्हं घातलं ते नाथानं. कोळीवाड्यात कुणीच बघितलं नव्हतं, आणि हे अगदी खरं होतं: सोनेरी कागदातला नारळ पाण्यात सोडतात तेव्हा अख्खा कोळीवाडा खाडीकडे तोंड करून हात जोडतो, आणि नारळ पाण्याला लागेपर्यंत कुणी मागं वळून बघत नाही. बापजाद्यांपासून बघत नाहीत. तेवढ्या वेळात मागच्या रांगेत एक माणूस मेला. पोलिसांनी ज्याला त्याला धरून विचारलं, एका पोराच्या कानाखाली असा आवाज काढला की कान फुटून रक्त आलं, आणि ज्यानं त्यानं देवाशपथ सांगितलं, साहेब, आमी पाण्याकडं बघत होतो. पाण्याकडे पाठ केलेला एकच जण होता. तो पाण्यातच होता, होडीत उभा, कॅमेरा गर्दीच्या तोंडांवर लावून. आता फाईल मिटत आली होती. उद्या शेवंती ‘कुणावर संशय नाही’ म्हणाली की मिटलीच. आणि ती नाव घेणार असेल तर ते एकच नाव होतं.

“हा कॅमेरा म्हंजे,” दाजीनं सुरुवात केली, आणि सुरुवात केल्याबरोबर त्याला बरं वाटलं, खाडीत पाय सोडल्यासारखं. अमेरिकेतल्या कुठल्याशा वर्तमानपत्रानं तो मोडीत काढलेला. अण्णांचा मुलगा तिकडे सन दोन हजार उजाडताना कम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून गेलेला. येताना त्यानं आणला, जूनमध्ये. खाली विटेएवढं ओझं, आत रोल नाही. “दाजीकाका, वापरा बिनधास्त,” म्हणून तो परत गेला. दाजीची उभी हयात दोन भिंगांच्या जुन्या पेटीवर गेलेली. पोटाशी धरायची, वरून वाकून तिच्यात बघायचं, विहिरीत बघावं तसं. फोटो चौकोनी. पेटी कधी तिरपी करावी लागली नाही की उलटी. ह्या नव्या कॅमेऱ्याचं भिंग काढून दाजीनं आत डोकावलं तेव्हा रोलच्या जागी एक नखाएवढी काच होती, निळसर, हिरवट. बर्फात ठेवलेल्या माशाचा डोळा असतो तशी. तिनंही त्याच्याकडे बघितलं. त्यानं भिंग घाईघाईनं परत लावलं होतं, हे त्याला आज आठवलं आणि सांगायचं नव्हतं.

“रोलवर धूल बसली, तर ती एका फोटोपुरती, शेवंती. रोल पुढं सरकला की गेली. इथं एकच काच, तिच्यावरच सगले फोटो. कण बसला की बसला. मी आभालाचा फोटो काढला, वरती उजवीकडं डाग. खाडीचा काढला, तिथंच डाग. सगुणाचा काढला तर ह्या इथं, कानशिलावर. ती मना बोलते, मना देवी आल्यात का?”

“डोल्यात कुसल गेल्यावानी,” शेवंती म्हणाली.

“बरोब्बर! डोल्यात कुसल!” दाजीनं मांडीवर थाप मारली. “अण्णा, तुमच्या पोराला हे इंग्रजीत सांगायला अर्धा तास लागला.”

त्या कणावर आपण दात धरला होता हे मात्र खरं. दाजीला धूळ माहीत होती. पस्तीसएक वर्षं त्यानं तिला मारलं होतं, निगेटिव्हवर, कागदावर, बारीक कुंचल्याच्या टोकानं, श्वास कोंडून. धुळीचा नि त्याचा संबंध खुनशी होता. पण ती धूळ मरायची. हा कण मरेना. त्यानं तोंडानं फुंकर मारली तर थुंकीचे तुषार उडून एकाचे दहा झाले. मानपाड्याच्या केमिस्टकडून कान धुवायचा रबरी फुगा आणला, दाबला, नऊ गेले, पहिला राहिला. कुंचला फिरवला, तो जागच्या जागी लोळला आणि पुन्हा बसला. दाजी रात्री अंथरुणात डोळे मिटायचा तरी तो वर उजवीकडे असायचा. ह्याला चिरडावा, नखाखाली घेऊन टचकन उवेसारखा मारावा, असं वाटून दाढा एकमेकींवर घासायच्या. बायको, सगुणा, म्हणायची, अहो, जबडा फुटंल. एक दिवस त्यानं रागानं भिंगाचं झाकण भिंतीवर फेकलं, ते फुटलं, आणि फुटल्याचा आवाज ऐकून जेवत असलेल्या नाथानं वर बघितलं. ओळखीचं काही ऐकल्यासारखं. दाजीनंही त्याच्याकडे बघितलं होतं. बाप नि लेक बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले होते, मधल्या ताटात कालवण निवत होतं.

“मग शेवटी काढलात कसा? ते जिभेचं सांगा ना,” अण्णा म्हणाले.

“काल जीभ होती,” चांगदेव म्हणाला. “पुढच्या आठवड्यात शेपटी उगवंल बघा.”

“जीभच!” दाजी म्हणाला. “शेवंतीला इचारा, कोळीवाड्यात डोल्यातलं कुसल कशानं काढतात.”

शेवंतीला विचारायची गरज नव्हती. पूर्वी हे काम दाजीची आई, आवडाबाई, करायची. कुणाच्या डोळ्यात भुसा गेला, खवला उडाला, की तो आवडाबाईच्या मांडीवर डोकं ठेवायचा. ती दोन बोटांनी पापण्या फाकायची, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायची, आणि जिभेच्या शेंड्यानं बुबुळावरून कण अलगद उचलायची. दाजी आणि त्याचा दोस्त धाकू लहान असताना एकदा जिताडा मारत होते. जिताडा मोठा होता, पोराएवढा. होडीच्या फळीवर शेपटी आपटून त्यानं धाकूला आडवं पाडलं, तेव्हा दाजीनं लाकडी दांडका घेतला आणि त्याच्या डोक्यात घातला. एकदा. मासा थरथरला, दांडका निसटला नाही, म्हणून परत घातला. मग थांबता येईना. डोकं मऊ झालं तरी तो मारत होता, हात आपले आपण वर जात होते आणि खाली येत होते, आणि प्रत्येक वेळी खाली येताना आत कुठंतरी गोड लागत होतं. खवले उडाले. एक धाकूच्या डोळ्यात गेला. धाकू ओरडला, “बस, दाजी, मेला, मेला त्यो,” आणि त्या ओरडण्यानं दाजी थांबला. आईनं धाकूच्या डोळ्यातून तो खवला जिभेवर उचलला आणि दाजीच्या तळहातावर थुंकला. “ह्यो तुजा,” म्हणाली. आई गेल्यावर तिची जागा शेवंतीनं घेतली, धाकूच्या बायकोनं. कोळीवाड्यातल्या प्रत्येकाचा डोळा कधी ना कधी शेवंतीच्या जिभेखाली गेलेला होता. दाजीचा, नाथाचासुद्धा.

तर दाजीनं त्या काचेला जीभ लावली होती, हे खरं होतं. ह्या गोष्टीतली ती एकच गोष्ट अशी, की जी ऐकून सगळे हसायचे, आणि तीच खरी होती. दुपारी स्टुडिओचं दार लावून, चूळ भरून, त्यानं कॅमेऱ्याच्या तोंडात तोंड घातलं. जिभेला लोखंडाची चव लागली, रक्तासारखी. कण गेला. नंतर काचेवर आलेला थुंकीचा पापुद्रा त्यानं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, आणि बाहेर येऊन आभाळाचा फोटो काढला. आभाळ स्वच्छ होतं. फक्त हे सगळं झालं ते नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी. गोष्टीत त्यानं ते पौर्णिमेनंतर नेऊन ठेवलं होतं. एवढाच बदल. गोष्टी सांगणारा माणूस ह्याला बदल म्हणतसुद्धा नाही.

“म्हंजे सनाच्या दिशी त्यो कन आतच व्हता,” शेवंती म्हणाली.

“आतच होता! नाय तर आज त्या मारेकऱ्याचं तोंड नसतं का दिसलं, गो? मी काय सोडला असता त्याला? धाकू माझा कोन होता?”

धाकू माझा कोण होता. हे वाक्य तोंडातून गेलं आणि रस्त्यावरून एक रेतीचा ट्रक गेला, पाणी गाळत, आणि दाजीला वाटलं, ट्रकातून गळतंय ते पाणी नव्हे. खाडीचं पोट फाडून काढतात ही रेती. नाथा ठेकेदाराच्या बार्जवर रेती ओढायचा पंप चालवायचा. तो पंप सुरू झाला की खाडीच्या तळातून हाडं मोडल्यासारखा आवाज यायचा, निवट्यांची बिळं, चिंबोऱ्या, जाळी, सगळं पाइपातून चिरडून वर यायचं. त्या पंपानं धाकूचं जाळं फाडलं. पौर्णिमेच्या सकाळी, मिरवणूक निघण्याआधी, देवळापुढं, सगळ्यांदेखत धाकू नाथापाशी आला आणि त्याच्या तोंडावर थुंकला. “बापाची खारी इकतंस?” म्हणाला, खाडीकडे हात करून. नाथानं थुंकी पुसली. तो हसला. दाजीनं ते हसू बघितलं. त्याला ते कुठं बघितलंय ते आठवेना, आणि मग एकदम आठवलं: ते त्यानं कधी बघितलंच नव्हतं, ते आतून माहीत होतं, जिताड्याच्या वेळचं. त्यानं तेव्हा नाथाचा दंड धरायला हवा होता. पण उजेड चांगला होता, बँड सुरू झाला, बायकांची हिरवी लुगडी, मंडळाचे पिवळे टी-शर्ट घातलेली सगळी तरणी पोरं, आणि त्याला होडी गाठायची होती. पाण्यातून काठाकडे तोंड करून सगळ्यांची तोंडं एकाच वेळी, हात जोडलेली, असा फोटो कोळीवाड्याचा कुणीच कधी काढला नव्हता.

होडी डुलत होती. त्यानं डोळा लावला. पुढच्या रांगेत सगुणा, तिच्यामागं पोरं, म्हातारे, आणि शेवटी, बर्फाच्या खोपटापाशी, धाकू. त्याचे हात जोडलेले होते. त्याच्यामागं एक पिवळा टी-शर्ट आला आणि त्यातून एक वल्हं वर जायला लागलं. दाजीनं बटण दाबलं. जुन्या पेटीत बटण दाबलं तरी चित्र दिसत राहायचं. ह्या नव्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा उडतो आणि डोळ्यापुढं काळोख होतो, क्षणभर. म्हणजे जो क्षण फोटोत जातो तो काढणाऱ्याला दिसतच नाही. त्या काळोखात खटकन आवाज झाला, आरशाचा. उजेड परत आला तेव्हा वल्हं आणखी वर होतं, चौकटीच्या बाहेर, वरच्या कडेनं कापलेलं. आणि दाजीच्या हातांनी कॅमेरा उभा केला. हे त्याला कुणी करायला सांगितलं नव्हतं. उंच काही असलं की उभा धरायचा, काका, असं अण्णांच्या पोरानं शिकवलं होतं, आणि चौकोनी फोटोंत उमर घालवलेल्या माणसाला त्या नव्या खेळाची चटक लागली होती. त्यानं ओरडायला हवं होतं. धाकू ओरडला होता एकदा, बस, दाजी, म्हणून, आणि दाजी थांबला होता. नाथाही थांबला असता. एक हाक पुरली असती, पाण्यावरून आवाज लांब जातो. पण डोळा चौकटीत होता आणि चौकटीत वल्हं मावत नव्हतं, आणि आता मावलं, टोकापासून मुठीपर्यंत, आणि खाली नाथाचं तोंड, दात दिसणारं, आनंदी, आणि दाजीनं बटण दाबलं. काळोख. खटकन. ह्या वेळी तो आवाज आरशाचा नव्हता, किंवा दोन्ही एकदमच झाले. अजून त्याला सांगता येत नाही. कधी कधी झोपेत त्याला वाटतं की फक्त आरशाचाच होता, वल्ह्याचा आवाज झालाच नाही, बटण दाबल्यानंच धाकू पडला. उजेड आला तेव्हा मागच्या रांगेत धाकू नव्हता, आणि नारळ पाण्याला लागला, आणि सगळे ओरडले, आनंदानं.

पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते दुसरं ओरडणं सुरू झालं. दाजी होडीतून उतरून गेला तेव्हा धाकूचं डोकं एका बाजूनं मऊ झालं होतं. दाजीला मेलेली माणसं नवी नव्हती. ठाकुर्ली नि कल्याणच्या मध्ये रुळांवर कुणी कापलं गेलं की पोलीस त्याला बोलवायचे, त्यानं तुकडे जुळवूनही फोटो काढले होते. मेलेल्यांचे नातेवाईक मग त्याच फोटोवरून भिंतीवर लावायला चांगला फोटो करून मागायचे, आणि दाजी कुंचल्यानं मिटलेले डोळे उघडून द्यायचा, जखम बुजवायचा, केसांचा भांग पाडायचा. कल्याणपर्यंत नाव होतं त्याचं, मेलेल्यांचे डोळे उघडणारा म्हणून. धाकूचे डोळे उघडेच होते. भिंतीवरचा धाकूचा फोटो शेवंतीनं कल्याणहून कुणाकडून तरी करून आणला होता, हे त्याला सगुणाकडून कळलं, आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

“मंग पोलिसांना काय दाखवलंत?” शेवंतीनं विचारलं.

“आहे तो फोटो दाखवला. अण्णांनीच सांगितलेलं त्यांना, फोटो आहेत म्हणून.”

“हो, मीच,” अण्णा म्हणाले. “म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही.”

यंत्र खोटं बोलत नाही. पोलिसांना तसं सांगून त्या दुपारी अण्णा झोपले होते आणि दाजी त्यांच्या मुलाच्या कम्प्युटरपुढं बसला होता, पंखा बंद, घाम हनुवटीवरून गळत. नाथाचं तोंड पडद्यावर पुरीएवढं होतं. अण्णांच्या पोरानं त्याला शिकवलं होतं, इथलं उचलून तिथं लावायचं, म्हणजे डाग जातो. जुन्या आभाळाच्या फोटोत तो कण अजून होता, करडा, मऊ कडांचा. दाजीनं तो तिथून उचलला. तोच. खरा. लावला. वाढवला. पस्तीस वर्षं तोंडांवरची धूळ उडवणाऱ्या हातानं पहिल्यांदा तोंडावर धूळ बसवली, आणि हात जराही थरथरला नाही. काम चोख झालं होतं. तो मागं सरकून बघत राहिला आणि त्याला, देवाशपथ, समाधान वाटलं. ज्या वल्ह्याच्या फोटोत नाथा हसत होता, तो तर पुसूनच टाकायचा होता, पण तो त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो होता. पुसायला हात होईना. म्हणून त्यातही त्यानं तो कण बसवला, ठाण्याच्या लॅबमधून दोन्ही छापून आणले, आडव्याची एक प्रत पोलिसांना दिली, दुसरी उभ्यासोबत ठेवली. घरी आला तर नाथा सगुणाला ओरडत होता, भात मऊ झाला म्हणून, ताट भिंतीवर आपटलं होतं आणि शितं खाली घसरत होती. बापाला बघून तो गप्प झाला. विचारलं नाही काही. दाजीनंही सांगितलं नाही. तेव्हापासून नाथा त्याच्यासमोर मान वर करून जेवतो आणि दाजी खाली घालून.

“तर असा तो कण,” दाजी म्हणाला. “त्यानं तोंड खाल्लं. साहेबानं फोटो बघितला, मना बोलला, दाजी, ह्यो डाग काय? मी बोललो, साहेब, धूल. साहेबानं कॅमेऱ्याला हात लावला न् असा मागं घेतला, देव्हाऱ्यातून घेतल्यासारखा.”

चांगदेव हसला नाही. अण्णा हसले नाहीत. शेवंती चुंबळीची दशी ओढत होती आणि तिच्या तोंडावर काही नव्हतं, पटलं असं नाही, नाही पटलं असंही नाही. गोष्ट पायरीवर पडली होती, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी, कल्ले हलवत. दाजीला हे सहन होईना. उद्या कल्याण, नाथा, फाईल, सगळं मागं पडलं आणि एवढंच उरलं की आपली गोष्ट कुणाला लागली नाही. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातांना अशा वेळी कुणी विचारत नाही. ते आपले आपण काउंटरखाली गेले आणि फोटोच्या कागदाचा पिवळा डबा घेऊन आले.

“तुला पटत नाय ना? बघ. नुसता एक नाय. दोन फोटो हायेत. दोघांत त्योच डाग, त्याच तोंडावर. आता बोल, मी लबार का धूल लबार?”

शेवंतीनं हात लुगड्याला पुसले. दोन्ही फोटो तिनं ट्यूबलाइटच्या उजेडात धरले. बराच वेळ ती डागाकडे बघतच नव्हती. मागच्या रांगेत, हात जोडून, पाण्याकडे बघणाऱ्या माणसावर तिनं अंगठा ठेवला होता.

“जिता हाय अजून,” ती म्हणाली.

अण्णांनी मान दुसरीकडे वळवली. चांगदेवनं इस्त्री उभी करून ठेवली. निखारा तडतडला.

“ह्यो आरवा. न् ह्यो असा लांबरा कसा?”

“कॅमेरा उभा धरलेला,” दाजी म्हणाला. त्याला आता कळत होतं की थांबावं, पण गोष्ट उताराला लागली होती. “वल्हं मावत नव्हतं म्हणून. हा असा होता आरवा, तो असा केला.” आणि त्यानं दोन्ही हातांत नसलेला कॅमेरा धरून दाखवला, उजवा हात खाली फिरवत.

“असा?”

“असाच.”

शेवंतीनं आडवा फोटो हातात घेतला आणि उजवी कड खाली करत फिरवला, जसा दाजीनं फिरवला होता तसा. माणसं आडवी झाली. वर उजवीकडे बसलेला डाग फिरत फिरत खाली आला, तळाच्या कोपऱ्यात, आणि तिथं राहिला. मग तिनं शेजारी उभा फोटो धरला. त्यात डाग वर होता, वल्ह्याच्या मुठीपाशी, तोंडावर. तिनं एकदा ह्याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग स्वतःची मान खांद्यावर आडवी टाकली आणि त्या आडव्या डोळ्यांनी तिनं दाजीकडे बघितलं. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर आई बघायची तसं, आतलं काही शोधत.

“किती डोल्यांतनं काढलं मी कुसल, दाजी. तुज्याबी काढलं, तुज्या नाथाच्याबी,” ती म्हणाली. ‘तुमी’ गेलं होतं. “मान आरवी केली की डोल्यातला कनबी आरवा होतो, डोल्यासंगं फिरतो. ह्यो फिरला नाय. ह्यो उभ्यातबी त्याच तोंडावर न् आरव्यातबी त्याच तोंडावर. ही धूल नाय, दाजी. ही तू बसवलीस.”